स्वर्गीय नर्तक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वर्गीय नर्तक या पक्ष्याचा पांढरा नर पहिल्यांदा पाहिला की बहुतेकांचे प्रश्न त्याच्या शेपटीभोवतीच फिरतात. हा पक्षी जगतो मात्र सावली, ओढा, उडणारे किडे आणि कोळ्याची जाळी यांच्या जोरावर. म्हणून इथे शेपटीबद्दल सांगितलं आहेच, पण घरटं, पाणी आणि ओढ्याकाठची झाडी यांवर जास्त लिहिलं आहे.

स्वर्गीय नर्तक म्हणजे नेमका कोणता पक्षी?

इंग्रजीत इंडियन पॅराडाइज फ्लायकॅचर, शास्त्रीय नाव टर्प्सिफोन पॅराडिसी. आकार बुलबुलाएवढा: लांब पिसं सोडून साधारण १९ ते २२ सेंटिमीटर. वजन मात्र जेमतेम २० ग्रॅम, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे साखर भरेल तेवढंच. डोकं चकचकीत निळसर काळं, त्यावर तुरा आणि डोळ्याभोवती निळं कडं. पूर्ण वाढलेल्या नराच्या शेपटीतली मधली दोनच पिसं फितीसारखी वाढतात, ती ३० सेंटिमीटरपर्यंत जातात. बाकीची शेपटी इतर पक्ष्यांसारखीच असते.

हा बुलबुलाचा प्रकार आहे का? काही जण याला शाह बुलबुल म्हणतात.

नाही. तुरा आणि काळं डोकं यांमुळे हिंदी-उर्दूत ते नाव पडलं. बुलबुल फळं आणि किडे दोन्ही खातो, गावात, बागेत, तारेवर बिनधास्त बसतो. स्वर्गीय नर्तक फळांच्या वाटेला जात नाही आणि उघड्यावर फारसा येत नाही.

नावात ‘फ्लायकॅचर’ असलं तरी तो खऱ्या माशीमारांच्या कुळातलाही नाही. त्याचं कुळ मोनार्किडी. त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे कोतवाल, खाटीक हे पक्षी आणि थोडं लांबचं नातं धरलं तर कावळे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली या पक्ष्याला नाव दिलं तेव्हा तो कावळ्यांच्या ‘कॉर्व्हस’ प्रजातीतच घातला होता. पुढे तो तिथून काढला गेला, पण नात्याची दिशा पार चुकलेली नव्हती.

दूधराज आणि स्वर्गीय नर्तक एकच का?

एकच. दूधराज हे हिंदी नाव पांढऱ्या नरावरून आलं आहे, आणि या नावाने तो मध्य प्रदेशचा राज्यपक्षी आहे. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल. या दोघांची अदलाबदल प्रश्नमंजूषांमध्ये फार वेळा होते. श्रीलंकेत सिंहली भाषेत तांबूस नराला ‘आग चोरणारा’ आणि पांढऱ्याला ‘कापड चोरणारा’ अशा अर्थाची नावं आहेत. पांढऱ्या नराला झाडीतून जाताना पाहिलं की दोरीवरचं धोतर कुणी ओढून नेतंय असंच वाटतं, त्यामुळे ते नाव चपखल आहे.

पांढरा आणि तांबूस हे दोन वेगळे पक्षी आहेत का?

एकाच जातीचे आहेत. मादी आयुष्यभर तांबूस असते. नर पिल्लूही तांबूसच असतं. लांब पिसं त्याला दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी येतात. मोठा नर तांबूस असू शकतो किंवा पांढरा, आणि अधूनमधून पाठीवर तांबूस डाग राहिलेले पांढरे नरही दिसतात. श्रीलंकेतल्या स्थानिक उपजातीचे नर मात्र तांबूसच राहतात. तिथे हिवाळ्यात दिसणारे पांढरे नर भारतातून गेलेले असतात.

जंगलात नोंद करताना हा क्रम वापरा:

तांबूस पाठ, राखाडी गळा, आखूड शेपटी: मादी किंवा अगदी लहान नर. दोघांत फरक करण्याच्या फंदात पडू नका, ‘मादीसारखा’ असं लिहा.
तांबूस पाठ, गळा पूर्ण काळा, आखूड शेपटी: तरुण नर.
तांबूस पाठ आणि लांब फिती: मोठा तांबूस नर.
पांढरं अंग, पंखांवर काळ्या बारीक रेषा: मोठा पांढरा नर, मग फिती असोत वा नसोत.

पांढरा नर दिसला, पण लांब शेपटीच नव्हती. आजारी असेल का?

बहुधा नाही. विणीनंतर पिसं गळून नवी येतात, त्यात या दोन फितीही जातात. पावसाळा सरताना आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत बिनशेपटीचे किंवा अर्धवट फितीचे पांढरे नर दिसणं स्वाभाविक आहे. एकच फीत लांब असेल तर दुसरी तुटली असेल किंवा अजून वाढत असेल. पक्षी सरळ बसतोय, झेप घेऊन किडे पकडतोय, एवढं दिसलं की काळजीचं कारण नाही.

मादी ओळखताना लोक कुठे चुकतात?

बुलबुलाशी गल्लत सगळ्यात जास्त होते. बुलबुलाच्या पाठीचा रंग मातकट तपकिरी असतो. मादीची पाठ आणि शेपटी विटकरी, उन्हात जवळजवळ केशरी दिसते. दुसरी खूण बसण्याची ढब. हिचे पाय अगदी आखूड असल्यामुळे ती फांदीवर ताठ, उभट बसते. बुलबुल आडवा बसतो आणि सतत सरकत राहतो. टकाचोराची पाठही तांबूस असते, पण तो आकाराने दुपटीहून मोठा आणि त्याची शेपटी राखाडी-काळी.

महाराष्ट्रात आणि गोव्यात कुठे, कधी दिसतो?

दाट सावली आणि जवळ पाणी, या दोन अटी पुऱ्या होतील तिथे. कर्नाळा अभयारण्य, मुंबईतलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पुण्याजवळची सिंहगडाच्या पायथ्याची दरी, विदर्भात मेळघाट, पेंच, नागझिरा, ताडोबा; गोव्यात बोंडला आणि मोलेचा परिसर. पश्चिम महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी तो सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत सहज दिसतो, कारण उत्तरेकडचे पक्षी हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरतात. स्थलांतराच्या दिवसांत शहरातल्या जुन्या झाडांच्या आवारात, रोपवाटिकेत, नदीकाठच्या झाडीतही एखादा-दुसरा थांबतो. विणीच्या दिवसांत मात्र तो ओलसर ओढे आणि दाट झाडीला चिकटून राहतो.

दिसतो आणि क्षणात नाहीसा होतो. नीट पाहायचा कसा?

त्याच्या मागे चालू नका. हा पक्षी ठरावीक पट्ट्यात फिरून पुन्हा त्याच जागी येतो, त्यामुळे थांबणाऱ्याला तो चालणाऱ्यापेक्षा जास्त दिसतो.

ओढ्याच्या वळणावर, पाठीमागे झाड येईल असे उभे राहा. सकाळी सात ते नऊ किंवा दुपारी चारनंतर. एका जागी निदान वीस मिनिटं द्या. नजर जमिनीपासून दोन ते सहा मीटर उंचीवर ठेवा. शेंड्याकडे पाहत राहिलात तर तो खालून निघून जातो. आधी आवाज येतो: खरखरीत, थोडासा चिडका ‘च्वे’ किंवा ‘झ्वीच’. ‘टर्प्सिफोन’ या प्रजातीच्या ग्रीक नावाचा अर्थ ‘आवाजाने रिझवणारा’ असा आहे, पण रोजची हाक ऐकून तो कुणाला पटणार नाही. विणीच्या दिवसांत गोड शीळही घालतो.

मिश्र थवा कानावर आला तर तो सोडू नका. भृंगराज, निखार, नाचण असे वेगवेगळ्या जातींचे किडेखाऊ पक्षी एकत्र फिरतात. एकाने हलवलेला किडा दुसऱ्याला मिळतो आणि शिकरा या शिकारी पक्ष्यावर नजर ठेवायला डोळे वाढतात. अशा थव्यात स्वर्गीय नर्तक अनेकदा असतो. पहिला पक्षी दिसल्यावर लगेच दुर्बीण खाली करू नका, मागून जोडीदार येण्याची शक्यता असते.

तो काय खातो आणि कसं पकडतो?

माश्या, पतंग, फुलपाखरं, चतुर, भुंगेरे, नाकतोडे. पद्धत कोतवालासारखीच, फक्त सावलीतली: फांदीवर टपून बसायचं, किडा उडाला की झेप घ्यायची, हवेतच धरायचा आणि फांदीवर परतायचं. चोच मुळाशी रुंद आणि चपटी असते, आणि तिच्या कडेला ताठ केस असतात. मोठा किडा असेल तर फांदीवर आपटून मग गिळतो.

यातून एक गोष्ट निघते. त्याला झेप घ्यायला झाडांच्या खाली मोकळी हवा लागते आणि त्या हवेत किडे लागतात. म्हणून वरून दाट छत, मध्ये पोकळी आणि जमिनीवर कुजणारा पाचोळा, अशी रचना त्याला मानवते. पाचोळा रोज झाडून जाळला, तर छत कितीही सुंदर असलं तरी पोकळीत उडणारं काही उरत नाही.

पाण्यावर झेपावताना दिसतो. मासे पकडतो का?

नाही, आंघोळ करतो. डबक्यावरच्या फांदीवरून सूर मारून पाण्याला अंग लावतो, परत फांदीवर जातो, पिसं झटकतो आणि लागोपाठ असे तीन-चार सूर मारतो. उन्हाळ्यात दुपार कलल्यावर हे पाहायला मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त. आटत चाललेल्या ओढ्यातलं घमेलाभर पाणीही त्याला पुरतं.

घरटं कसं असतं आणि वीण कधी होते?

मुख्य काळ मे ते जुलै. म्हणजे पावसाच्या आधी बांधकाम सुरू होतं आणि किड्यांचा सुकाळ आला की चोची उघडलेल्या असतात. दक्षिणेकडे काही ठिकाणी वीण आणखी लवकर सुरू होते.

घरटं म्हणजे खाली निमुळती होत गेलेली खोल, नेटकी वाटी. बारीक गवत, मुळं, सालीचे धागे एकत्र करून ती कोळ्याच्या जाळ्यांनी बाहेरून लिंपलेली असते. कोळ्यांच्या अंड्यांच्या पांढऱ्या पिशव्याही बाहेरून चिकटवलेल्या दिसतात, त्यामुळे लांबून घरटं फांदीवरची गाठ वाटतं. जागा: पातळ फांदीचा दुबेळका, बहुधा दोन ते चार मीटर उंचीवर, खाली अनेकदा ओढा किंवा पायवाट. पातळ फांदी निवडण्याचं कारण उघड आहे, जड शिकारी तिथे पोचू शकत नाही. आणि जाळ्यामुळे वाऱ्यात फांदी हलली तरी वाटी तडकत नाही, पिल्लं वाढली की थोडी ताणतेही. जाळी मिळाली नाहीत तर हे घरटं उभंच राहत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

अंडी ३ ते ४, फिकट गुलाबीसर, त्यावर लालसर तपकिरी ठिपके. उबवणी साधारण १४ ते १६ दिवस, त्यानंतर पिल्लं ९ ते १२ दिवसांत घरटं सोडतात. नर-मादी दोघंही बांधतात, उबवतात, भरवतात. पांढरा नर अंड्यांवर बसला की फिती घरट्याबाहेर लोंबत राहतात, आणि हे दृश्य पाहून लोक वेडे होतात. पुढच्या सगळ्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

कोतवालाच्या घरट्याजवळच हे घरटं दिसलं. योगायोग?

बऱ्याचदा योगायोग नसतो. कोतवाल आपल्या झाडाजवळ आलेल्या कावळ्याला, शिकऱ्याला हाकलून लावतो. शेजाऱ्याला त्या पहाऱ्याचा आयता फायदा होतो.

घरटी कशामुळे फसतात?

कावळा, टकाचोर, साप, माकडं ही नैसर्गिक कारणं. त्यांत हस्तक्षेप करू नका. साप हाकलणं, माकडांवर दगड मारणं याने घरट्याजवळची वर्दळ वाढते आणि इतर शिकाऱ्यांचं लक्ष तिकडे जातं.

माणसामुळे फसतात ती कारणं टाळता येण्यासारखी असतात. फोटोत अडथळा येतो म्हणून समोरची डहाळी कापली किंवा बांधून मागे ओढली की घरट्यावर थेट ऊन येतं. मे महिन्याच्या उन्हात पिसं न फुटलेली पिल्लं तासाभरातही दगावू शकतात. पानांचा आडोसा गेला की वरून टकाचोरालाही घरटं दिसतं. दुसरं, माणसं दिवसभर जवळ उभी राहिली की पालक खाद्य घेऊन येतात पण घरट्यावर उतरत नाहीत. पिल्लं उपाशी राहतात आणि अंडी थंड पडतात. बांधकाम चालू असताना किंवा अंडी नुकतीच घातली असताना त्रास झाला तर जोडी घरटं सोडून देण्याची भीती सगळ्यात जास्त.

मग घरट्याचे फोटो काढायचेच नाहीत का?

आमचं सरळ मत: नाही. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंतचा सगळा काळ साधारण चार आठवड्यांचा आहे. तेवढे दिवस लांबून दुर्बिणीने पाहा आणि नोंदी ठेवा. पिल्लं बाहेर पडल्यावर पालक त्यांना फांदीवर भरवतात, ते फोटो जास्त जिवंत येतात आणि त्यात कुणाचा जीव जात नाही.

चालता चालता घरटं अचानक समोर आलंच, तर ओळखायच्या खुणा अशा: पक्षी तुमच्याकडे तोंड करून सारखा ओरडतोय, चोचीत किडा धरून शेजारच्या फांदीवर थबकलाय, किंवा घरट्याभोवती घिरट्या घालून परत जातोय. यातलं एक जरी दिसलं तरी तुम्ही फार जवळ आहात. आल्या वाटेने मागे फिरा, वाकून, सावकाश. नेमकी जागा व्हॉट्सॲप गटात टाकू नका. एकाला सांगितलेली जागा रविवारपर्यंत पन्नास जणांना कळते.

घरट्याव्यतिरिक्त फोटोसाठी कॅमेऱ्याचं गणित काय ठेवावं?

अडचण दुहेरी आहे: जागा अंधारी आणि पक्षी पांढरा. गडद पार्श्वभूमी पाहून कॅमेरा दृश्य उजळवतो आणि पांढरी पिसं जळून जातात, मग त्यांतला तपशील नंतर परत आणता येत नाही. म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवा आणि पहिल्या फोटोनंतर हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) पाहा. तांबूस नर किंवा मादी समोर आली की हे परत शून्याजवळ आणायला विसरू नका, हीच चूक सगळे करतात.

बसलेल्या पक्ष्याला शटर १/२५० ते १/५०० पुरतं. झेप किंवा आंघोळ टिपायची तर १/२००० च्या आसपास, आयएसओ ३२०० किंवा त्याहून वर जाऊ द्या. थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेला फोटो वाया जातो. लांब फितींमुळे चौकट अपुरी पडते. पक्षी चौकटीच्या वरच्या भागात ठेवून खाली जागा सोडा. फ्लॅश नको.

मोबाइलवर आवाज वाजवून बोलावला तर?

विणीच्या दिवसांत नर तो आवाज घुसखोर नराचा समजतो. किडे पकडणं, पिल्लं भरवणं सोडून तो नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. लोकप्रिय जागी दिवसातून दहा जणांनी वाजवलं की त्याचा अख्खा दिवस त्यातच जातो. वाजवू नका. पाण्याजवळ थांबणं हा त्यावरचा चांगला पर्याय आहे.

पिल्लू जमिनीवर सापडलं. काय करू?

आधी ते कोणत्या अवस्थेत आहे ते पाहा, कारण दोन्हींचे उपाय उलटे आहेत.

अंगभर पिसं आहेत, शेपटी आखूड आहे, फांदी पकडता येते आणि फडफडत उड्या मारतंय: ते नुकतंच घरट्यातून निघालंय, हरवलेलं नाही. मांजर-कुत्रं असेल तर त्यांना दूर करा, पिल्लू जवळच्या झुडपात डोक्याएवढ्या उंचीच्या फांदीवर ठेवा आणि निघून जा. तुम्ही उभे असेपर्यंत पालक येणार नाहीत.

अंग उघडं किंवा पिसं नुकती सुईसारखी फुटलेली: ते घरट्यातून पडलंय. घरटं शाबूत आणि हाताला येण्यासारखं असेल तर परत आत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हा गैरसमज आहे. घरटंच पडलं असेल तर करवंटी किंवा छोटी बांबूची टोपली घ्या, तळाला पाणी निघायला चार-पाच भोकं पाडा, आत सुकं गवत घाला आणि मूळ फांदीच्या शक्य तितक्या जवळ, सावलीत, सुतळीने घट्ट बांधा. मग वीस-पंचवीस मीटरवरून तासभर पाहा. पालक किडे घेऊन येऊ लागले की तुमचं काम झालं.

तासाभरात कुणीच आलं नाही, किंवा पिल्लाला जखम असेल, तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ सुती कापडावर ठेवा, खोकं अंधाऱ्या शांत जागी ठेवा आणि महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. या वेळात चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध, पाव, भात यातलं काहीही देऊ नका. हा पक्षी निव्वळ किड्यांवर वाढतो, धान्य-दूध त्याला पचत नाही.

हा पक्षी पाळता येतो का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो संरक्षित आहे, त्याला पकडणं गुन्हा आहे. या कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत जंगली पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी किंवा घरटी हलवणं, विस्कटणं हेही येतं. घरट्यासमोरची फांदी कापणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. आणि पिंजऱ्यात त्याला दिवसभर ताजे उडणारे किडे कोण पुरवणार?

शेतावर किंवा फार्महाऊसवर तो यावा म्हणून काय करता येईल?

आसपास दोन-चार किलोमीटरवर जंगल किंवा जुनी दाट झाडी नसेल तर अपेक्षा ठेवू नका. असेल, तर पुढची कामं खरोखर उपयोगी पडतात.

झाडं दोन मजल्यांत लावा. वर करंज, जांभूळ, उंबर, आंबा. खाली अडुळसा, निर्गुडी, करवंद. एका बाजूला बांबूचं बेट. पाच-सहा मीटर रुंदीचा सलग पट्टा हा विखुरलेल्या पन्नास झाडांपेक्षा चांगला. खालच्या फांद्या शोभेसाठी छाटू नका, तो त्यांच्यावरच बसतो.

पाचोळा झाडाखालीच राहू द्या. कीटकनाशक फवारणी त्या पट्ट्यात बंद ठेवा. कोळ्याची जाळी केरसुणीने काढू नका, निदान एप्रिल ते जुलै तरी. रात्रभर जळणारे पांढरे दिवे बंद करा, कारण पतंग दिव्याभोवती फिरून मरतात आणि दुसऱ्या दिवशी पक्ष्यांना मिळत नाहीत.

पाण्यासाठी ४० सेंटिमीटर रुंदीचं मातीचं पसरट भांडं घ्या, मध्ये पाच सेंटिमीटर आणि कडेला दोन सेंटिमीटर खोली राहील असे सपाट दगड आत ठेवा. गुळगुळीत प्लॅस्टिकचं टोपलं नको, पाय घसरतात. वर साधारण एक मीटरवर बोटाएवढ्या जाडीची आडवी फांदी बांधा, तिच्यावरूनच तो सूर मारेल. भांडं सावलीत हवं, पण मांजराला दबा धरता येईल असं झुडूप दोन मीटरच्या आत नको. पाणी दर दोन दिवसांनी बदला आणि आठवड्यातून एकदा भांडं घासा. डासाच्या अळीला पूर्ण वाढायला आठवडाभर तरी लागतो, त्यामुळे या वेळापत्रकात डास होत नाहीत. पाणी न बदलता नुसती भर घालत राहिलं की मात्र होतात, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली राहतात.

घरटी-पेट्या लावू नका. हा पक्षी पेटीत किंवा ढोलीत घरटं करत नाही.

तो धोक्यात आहे का?

जागतिक यादीत तो ‘कमी चिंतेचा’ या गटात आहे. पण एखाद्या गावातून तो नाहीसा व्हायला तेवढ्याने अडत नाही, कारण त्याची राहण्याची जागा ही ओढ्याकाठची चिंचोळी पट्टी असते आणि ती एका आठवड्यात संपवता येते.

आपल्याकडे नाला खोलीकरणाची कामं बहुतेक उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आत उरकली जातात. नेमकी हीच घरटी बांधण्याची वेळ. जेसीबीला वाट करायला दोन्ही काठांची झाडी सपाट होते. गावकऱ्यांना पाणी हवं आहे आणि ते काम व्हायलाच हवं. ग्रामसभेत तीन मागण्या मात्र मांडण्यासारख्या आहेत: यंत्र एकाच काठावरून चालवा आणि दुसऱ्या काठाची झाडी राखा, काम शक्यतो मार्चअखेर संपवा, खोदलेली माती राखलेल्या काठावर टाकू नका. सावली राहिली तर बाष्पीभवन कमी होतं आणि काठ ढासळत नाही, त्यामुळे हे पटवणं अवघड जात नाही. आराखडा मंजूर होण्याआधी बोला, यंत्र आल्यावर कुणी ऐकत नाही.

दुसरा मोठा घाव वणव्याचा. जमिनीवरचा पाचोळा आणि झुडपांचा थर एकदा जळाला की किडे आणि जाळी दोन्ही जातात, आणि घरटं बांधायच्या वेळेला झाडाखाली नुसती राख असते.

ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं संकेतस्थळ) नोंद करताना काय लिहावं?

पूर्ण यादी द्या, फक्त हाच पक्षी नको. टिपणात संख्या फोडून लिहा: पांढरे नर किती, लांब शेपटीचे तांबूस किती, मादीसारखे किती. फितींची अवस्था (पूर्ण, वाढत असलेल्या, नसलेल्या) एका शब्दात लिहिली तरी ती नोंद फार मोलाची होते. घरटं दिसलं तर विणीचा संकेत निवडा, पण टिपणात झाडाची जागा लिहू नका आणि घरट्याचा फोटो जोडू नका. जुन्या पुस्तकात ‘एशियन पॅराडाइज फ्लायकॅचर’ असं नाव सापडेल. ती एक मोठी जात आता तीन जातींत विभागली आहे, आणि महाराष्ट्र-गोव्यातल्या नोंदीसाठी ‘इंडियन’ हेच नाव बरोबर.

जंगलात त्याची लांब पांढरी फीत पडलेली मिळाली. घरी नेऊ का?

तिथेच राहू द्या. मोराच्या गळालेल्या पिसांना कायद्यात सूट आहे, तशी या पक्ष्याच्या पिसांना नाही. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा, लांबी मोजा, तारीख लिहा आणि ती नोंद यादीला जोडा.